ऑपरेशन केलं की करून घेतलं? तुमचे इंग्रजीचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत. काम आपण स्वतः केलं की दुसऱ्याकडून करून घेतलं, हे इंग्रजीत नीट सांगायचं कसं? शाळेत याला कॉझेटिव्ह व्हर्ब म्हणतात, मराठी व्याकरणात प्रयोजक क्रियापद. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिलीय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : गेल्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कॅनडातल्या नातवाला मेसेज केला, ‘आय डिड माय कॅटरॅक्ट ऑपरेशन लास्ट वीक’. त्याने उलट विचारलं, ‘आजोबा, स्वतः केलंत?’ मराठीत आपण ‘मी ऑपरेशन केलं’ म्हणतोच की. मग इथे काय चुकलं? (एक वाचक, पुणे)

काका, आधी डोळ्यांना जपा, ड्रॉप्स वेळेवर घाला. आता वाक्याकडे येते. मराठीत आपण ‘मी दात काढला’, ‘मी केस कापले’, ‘मी डोळे तपासले’ असं सर्रास म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की काम डॉक्टरने नाहीतर न्हाव्याने केलंय, आपण फक्त खुर्चीत बसलो होतो. इंग्रजीत ही सवलत फार थोड्या ठिकाणी मिळते. ‘वी बिल्ट अ हाउस इन नाशिक’ म्हटलं तर कोणी तुम्हाला गवंडी समजत नाही, पण शरीराचं काही असेल, दुरुस्ती असेल, शिलाई असेल तर ‘आय डिड’ ऐकल्यावर हत्यार तुमच्याच हातात दिसतं.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे ‘आय हॅड कॅटरॅक्ट सर्जरी लास्ट वीक’. ऑपरेशन, ब्लड टेस्ट, एक्स-रे अशा नामांच्या आधी नुसतं ‘हॅड’ लावलं की काम भागतं. पण नामाऐवजी क्रियापद वापरायचं असेल तर ‘हॅव’, मग ती वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे आपण ज्याला व्ही थ्री म्हणतो ते. ‘आय हॅड माय कॅटरॅक्ट रिमूव्ह्ड’, ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड’, ‘शी हॅड हर ब्लाउज स्टिच्ड’. काळ बदलला तरी बदलतो तो ‘हॅव’, तिसरं रूप जागचं हलत नाही: ‘वी आर हॅविंग द हाउस पेंटेड’, ‘आय विल हॅव द पासपोर्ट रिन्यूड’.

जवळपास प्रत्येक पुस्तकात यासाठी ‘आय हॅड माय हेअर कट’ हेच उदाहरण असतं आणि मला ते अजिबात आवडत नाही, कारण ‘कट’ची तिन्ही रूपं एकच, त्यामुळे इथे तिसरं रूप आलंय हे मुलांना दिसतच नाही आणि मग ती बिनदिक्कत ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर’ लिहून मोकळी होतात. उदाहरण द्यायचं तर ‘रिटन’, ‘स्टोलन’, ‘रिपेअर्ड’ असं द्यावं, जिथे रूप बदललेलं डोळ्यांना दिसतं.

अजून एक गोष्ट. ‘आय हॅड रिपेअर्ड माय स्कूटर’ आणि ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड’ यांत शब्द तेच, फक्त स्कूटर इकडची तिकडे गेली. पहिल्यात तुम्ही स्वतः पाना घेऊन बसला होतात, तेही भूतकाळातल्या दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीच्या आधी. दुसऱ्यात गॅरेजवाल्याने काम केलं. हे दोन ‘हॅड’ दिसायला एक, पण जात वेगळी. पहिला सहायक क्रियापद आहे, दुसरा वाक्याचं मुख्य क्रियापद आहे. ओळखायचं कसं? वाक्याचा प्रश्न करून बघायचा नाहीतर नकार लावायचा. ‘हॅड यू रिपेअर्ड युअर स्कूटर?’ इथे ‘हॅड’ स्वतः उठून पुढे आला. पण दुसऱ्या वाक्याचा प्रश्न ‘डिड यू हॅव युअर स्कूटर रिपेअर्ड?’ असा होतो, नकार ‘आय डिडन्ट हॅव माय स्कूटर रिपेअर्ड’. जिथे ‘डू’ची मदत घ्यावी लागते तिथला ‘हॅव’ मुख्य क्रियापद. एवढी एक परीक्षा हाताशी ठेवली तर या दोघांत गल्लत होत नाही.

प्रश्न : मग ‘आय हॅड माय फोन स्टोलन’ याचा अर्थ मी माझाच फोन चोरून घेतला असा होतो का? (एक वाचक, ठाणे)

नाही, वाक्य बरोबर आहे आणि अर्थ ‘माझा फोन चोरीला गेला’ असाच. याच साच्यात ‘हॅव’चे दोन अर्थ राहतात, एक आपण काम करवून घेतलं, दुसरा आपल्या बाबतीत काहीतरी घडलं. कुठला अर्थ ते संदर्भावरून कळतं, कारण स्वतःचा फोन कोणी ठरवून चोरायला लावत नाही. ‘दे हॅड देअर रूफ ब्लोन ऑफ इन द स्टॉर्म’ हेही तसंच, वादळात पत्रे उडाले, कोणी उडवून घेतले नाहीत. ‘गेट’चंही असं होतं, ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे दारात बोट सापडलं. पोलिसांत तक्रार इंग्रजीत द्यायची असेल तर मात्र ‘माय फोन वॉज स्टोलन’ असं सरळ लिहा, तिथे दोन अर्थांना जागाच नको.

प्रश्न : मॅडम, मी एमपीएससीची तयारी करतोय. मेक, हॅव, गेट, लेट यांची सूत्रं पाठ आहेत पण चुका शोधा आलं की गोंधळतो. कुठे टू, कुठे व्ही वन, कुठे व्ही थ्री? आणि क्लासच्या नोट्समध्ये ‘मेक म्हणजे जबरदस्ती’ असं दिलंय ते बरोबर आहे का? (एक विद्यार्थी, जळगाव)

सूत्रं पाठ आहेत ते चांगलंच आहे, परीक्षेत वेळ वाचतो. पण सूत्राच्या आधी दरवेळी एक प्रश्न विचारायची सवय लाव: मधे जो कोणी आहे तो काम करतोय की त्याच्यावर काम होतंय? ‘द टीचर हॅड द बॉय राइट द एसे’, इथे मधे मुलगा आहे, लिहिणारा तोच, म्हणून पहिलं रूप. ‘द टीचर हॅड द एसे रिटन’, इथे मधे निबंध आहे, निबंध लिहीत नाही, तो लिहिला जातो, म्हणून तिसरं रूप. ‘गेट’लाही हेच लागू: ‘आय गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स’, ‘आय गॉट द ब्रेक्स चेक्ड’. मेकॅनिक तपासतो, ब्रेक तपासले जातात. हा एक प्रश्न विचारला की निम्मं काम झालं, आणि खरं तर तुझा गोंधळ इथेच होतोय असं मला वाटतं, टूमध्ये नाही.

आता टू. लोक ‘कुठे टू येतं’ याची यादी करतात, मी उलटं सांगते. इंग्रजीत दुसऱ्याला काही करायला लावणारी क्रियापदं ढीगभर आहेत, ‘फोर्स’, ‘आस्क’, ‘टेल’, ‘अलाउ’, ‘पर्सुएड’, ‘कॉज’, ‘गेट’, आणि या सगळ्यांना टू लागतंच. न लागणारे तीनच लक्षात ठेव: ‘मेक’, ‘हॅव’, ‘लेट’. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं, ‘शी हेल्प्ड मी फाइंड इट’ आणि ‘शी हेल्प्ड मी टू फाइंड इट’. म्हणजे ‘ही मेड मी टू वेट’ चूक, ‘ही मेड मी वेट’ बरोबर.

पण हेच वाक्य पॅसिव्ह केलं की टू परत येतं, आणि चुका शोधा मध्ये फसायची जागा ती हीच. ‘आय वॉज मेड टू वेट’. इथे टू गाळलं की चूक. ‘हॅव’चं असं पॅसिव्ह होतच नाही, ‘आय वॉज हॅड’ असलं काही बनवू नकोस. ‘लेट’चंही सहसा करत नाहीत, तिथे ‘वॉज अलाउड टू’ घ्यायचं.

आपल्या मुलांची म्हणून एक वेगळी चूक असते, ‘आय मेड माय स्कूटर रिपेअर्ड’. मराठीत ‘करून घेतली’ डोक्यात असतं, करणे म्हणजे ‘मेक’ म्हणून ‘मेक’ येऊन बसतो. वस्तूवर काम करवून घ्यायचं असेल तर ‘हॅव’ किंवा ‘गेट’, ‘मेक’ नाही. ‘मेक’पुढे तिसरं रूप येतं ते थोड्याच ठरलेल्या प्रयोगांत, ‘आय कुड नॉट मेक मायसेल्फ हर्ड’ किंवा ‘अंडरस्टुड’ असं, म्हणजे माझा आवाज किंवा माझं म्हणणं पोचलं नाही.

नोट्समधलं वाक्य अर्धंच खरं आहे. ‘द ऑफिसर मेड हिम साइन’ यात जबरदस्ती आहे, कबूल. पण ‘द अनियन्स मेड मी क्राय’ यात कांद्याने कसली जबरदस्ती केली? ‘शी मेड अस लाफ’ म्हणजे तिने हसवलं. ‘मेक’चा खरा गाभा हा की समोरच्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही, मग त्याच्यावर दबाव असो नाहीतर हसू आपोआप फुटो. ‘हॅव’मध्ये व्यवस्था असते, ज्याचं ते कामच आहे त्याला सांगितलं आणि झालं. ‘गेट’मध्ये मनधरणी, खटपट, पाठपुरावा. म्हणून हट्टी पाण्याच्या पंपाबद्दल ‘आय फायनली गॉट द पंप टू स्टार्ट’ म्हणता येतं, पण त्याच अर्थाने ‘आय हॅड द पंप स्टार्ट’ कोणी म्हणत नाही, पंपाला कामाची ऑर्डर देता येत नाही ना.

नात्यात बोलताना हा फरक फार जपावा लागतो. ‘आय हॅड माय फादर ड्रॉप मी ॲट द स्टेशन’ व्याकरणात कुठेही चुकलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला वडील ड्रायव्हर वाटू शकतात. मराठीत आपण ‘बाबांना सोडायला लावलं’ आणि ‘बाबांना म्हटलं, स्टेशनवर सोडता का’ यातला फरक न शिकवता पाळतो. इंग्रजीत तिथे ‘आय आस्क्ड माय फादर टू ड्रॉप मी’ म्हणावं, किंवा सरळ ‘माय फादर ड्रॉप्ड मी’. अमेरिकेत ‘हॅव’पुढे माणूस ठेवायची पद्धत जास्त आहे, ब्रिटिश बोलण्यात त्याच जागी ‘गेट’ आणि टू जास्त ऐकू येतं, परीक्षेला दोन्ही चालतात.

आणि वाक्य पृथक्करणाचं तू शेवटी ओझरतं विचारलंयस, ‘द टीचर मेड हिम राइट’ यात ‘हिम’ कर्म की कर्ता? मला हा प्रश्न मनापासून आवडला. रूपाने ते कर्म आहे, ‘ही’ नाही ‘हिम’ आहे. अर्थाने लिहिणारा तोच, म्हणजे ‘राइट’चा कर्ता. आता ‘द टीचर मेड हिम’ एवढंच म्हणून बघ, वाक्याचा अर्थच मोडला, कारण शिक्षकांनी ‘त्याला’ घडवलेलं नाही, त्याचं लिहिणं घडवलं. म्हणजे ‘मेड’च्या पोटात ‘हिम राइट’ हा सगळा तुकडा मिळून बसलाय. उलट ‘द टीचर पर्सुएडेड हिम टू राइट’ घे, यातून ‘द टीचर पर्सुएडेड हिम’ वेगळं काढलं तरी अर्थ उभा राहतो, शिक्षकांनी त्याला पटवलं. वरून दोन्ही वाक्यं सारखी दिसतात पण आतली बांधणी वेगळी, आणि ती अशी तोडून बघितली की कळते.

प्रश्न : मी मिशन शाळेत शिकवत असे. तिथे रोज म्हटल्या जाणाऱ्या तेविसाव्या स्तोत्रात ‘ही मेकेथ मी टू लाय डाउन’ असं आहे. मेकपुढे टू चूक असेल तर बायबलमध्ये कसं? (एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर)

बाई, तुमचं लक्ष अचूक ठिकाणी गेलंय. ते भाषांतर १६११ सालचं, किंग जेम्सच्या काळातलं. तेव्हा ‘मेक’पुढे टू लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लिहीत. कर्तरीत टू नको हा आजचा नियम नंतर पक्का झाला, कर्मणीत मात्र ते टू टिकून राहिलं. त्याहून मागे गेलं तर मध्ययुगीन इंग्रजीत ‘डू’ आणि ‘लेट’ हीसुद्धा करवून घेण्याची क्रियापदं होती, म्हणजे आज प्रश्न आणि नकार करायला जो ‘डू’ राबतो तो एके काळी ‘करवणे’ या अर्थाने वापरात होता. मूळ हिब्रूमध्ये तर ‘तो मला निजवतो’ हे सगळं एकाच शब्दात आहे, करवण्याचा अर्थ क्रियापदाच्या आतच घातलेला, आपल्या ‘निजवणे’सारखा.

त्या ओळीतला ‘लाय’सुद्धा बघण्यासारखा आहे. इंग्रजीतही एके काळी क्रियापदाच्या आतला स्वर बदलून प्रयोजक होत असे. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं. ‘सिट’ बसणं, ‘सेट’ बसवणं. ‘फॉल’ पडणं, ‘फेल’ (fell, नापास होण्यातला ‘फेल’ नव्हे) पाडणं, म्हणून ‘टू फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणं. ‘ड्रेंच’ आज चिंब भिजवणं, पण मुळात ते ‘ड्रिंक’चं प्रयोजक, म्हणजे पाजणं. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे हे असंच. हे योगायोगाने झालेलं नाही. संस्कृतातला ‘पातयति’ मधला प्रत्यय आणि जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी ज्या शाखेतली त्या, भाषांमधला प्रयोजक प्रत्यय यांचं मूळ एकच, भाषांचं घराणंच एक. मुलांना ‘लाय’ आणि ‘ले’ शिकवताना पडणे-पाडणे शेजारी लिहून दाखवा, तुमच्या अनुभवाने तुम्हाला ते सहज जमेल. एकच त्रास आहे, ‘लाय’चा भूतकाळ नेमका ‘ले’ होतो, लाय-ले-लेन आणि ले-लेड-लेड, तेवढं मात्र पाठच करावं लागतं.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते. ती म्हणते ‘आय स्लेप्ट द डॉल’. चूक आहे कळतं पण का चूक ते सांगता येत नाही, कारण ‘आय बॉइल्ड द मिल्क’ तर चालतं. (एक आई, डोंबिवली)

ती मराठीतला नियम इंग्रजीत नेतेय, निजणे-निजवणे, म्हणजे डोकं छान चाललंय तिचं. इंग्रजीत बरीच क्रियापदं काही न जोडता दोन्हीकडे चालतात, ‘द मिल्क बॉइल्ड’ आणि ‘आय बॉइल्ड द मिल्क’, ‘द ग्लास ब्रोक’ आणि ‘आय ब्रोक द ग्लास’. ‘मेल्ट’, ‘ओपन’, ‘बर्न’ही तशीच. आपण दूध उकळलं दोन्हीकडे म्हणतो, पण ग्लास फुटला आणि ग्लास फोडला असं रूप बदलतो. ‘स्लीप’, ‘लाफ’, ‘क्राय’, ‘डिसअपिअर’ यांना मात्र इंग्रजीत ही मुभा नाही. ढोबळ मानाने असं की ज्यात वस्तूची अवस्था बाहेरून बदलता येते ती क्रियापदं दोन्हीकडे चालतात, आणि हसणं, रडणं, झोपणं हे ज्याचं त्याच्या आतून येतं, तिथे ‘मेक’ घ्यावं लागतं किंवा ठरलेला शब्दप्रयोग, ‘आय पुट द डॉल टू स्लीप’. नियमाला अपवाद आहेत, पण तिला नियम सांगूच नका, फक्त पुढच्या वेळी तिने म्हटलं की तुम्ही ‘ओह, यू पुट हर टू स्लीप?’ असं म्हणा, ती उचलेल.

प्रश्न : इंग्रजीचं झालं, मराठीचं विचारतो. ‘मुलाला गणित शिकवलं’ पण ‘सुताराकडून कपाट करवलं’. कधी ला आणि कधी कडून? (एक वाचक, फोंडा)

याचं उत्तर पाणिनीने देऊन ठेवलंय, अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, बावन्नावं सूत्र. जाणं, समजणं, खाणं-पिणं, बोलणं-शिकणं या अर्थाचे धातू आणि अकर्मक धातू, यांचा मूळ कर्ता प्रयोजकात कर्म होतो. बाकीच्या धातूंचा कर्ता तृतीयेत राहतो. मराठीला हे जवळपास तसंच लागू पडतं: बाळाला निजवलं, दूध पाजलं, गणित शिकवलं, इथे ज्याच्यावर क्रिया करवली त्याच्यातच काहीतरी बदल होतो, तो निजतो, त्याचं पोट भरतं, त्याला कळतं, म्हणून ‘ला’. सुतार कपाट करतो तेव्हा बदल होतो तो लाकडात, सुतार आपला हात, म्हणून ‘कडून’. शिंप्याकडून ब्लाउज शिवून घेतला, त्यातही तेच. मात्र ‘सुताराला कपाट करायला लावलं’ यात ‘ला’ येतं ते ‘लावणे’मुळे, ते वेगळं क्रियापद आहे, त्याचं ते स्वतःचं मागणं आहे. आणि ‘आता मला चालवत नाही’ यातला ‘व’ दिसायला प्रयोजकासारखा असला तरी तो शक्य क्रियापदाचा, म्हणजे काम जमतं की नाही हे सांगणारा, ‘मी गाडी चालवत नाही’ मधल्या ‘व’पेक्षा वेगळा.

लावणे आणि घेणे यांत पुन्हा बारीक फरक आहेच. ‘मुलाला अभ्यास करायला लावला’ म्हणजे बसवला, पुढे त्याने केला की नाही याची खात्री नाही. ‘मुलाकडून अभ्यास करून घेतला’ म्हणजे तुम्ही शेजारी बसलात आणि तो पूर्ण झाला. इंग्रजीत ‘आय मेड हिम सिट डाउन टू स्टडी’ आणि ‘आय गॉट हिम टू फिनिश हिज होमवर्क’ असं करावं लागेल.